सगळ्यांचं रीडिंग टेन पॉइंट टू

अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा संपादकबाईंनी एकच अट घातली. "सर, केमिस्ट्री रुक्ष वाटायला नको. गमती लिहा." म्हटलं, बाई, माझ्याजवळ गमतींचं पिंप भरलेलं आहे. झाकण उघडलं की तुमच्या कार्यालयात सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी येईल. ते हसून येईल की अमोनियानं, एवढी हमी मात्र मी देत नाही.

मी नागपुरात, धरमपेठेकडच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. बी.एस्सी. पहिल्या वर्षाची प्रयोगशाळा माझ्या ताब्यात. माझा आवाज असा, की मी लॅबमध्ये "नळ बंद कर!" म्हणून ओरडलो की पार सदर भागातल्या बायका आपापले नळ बंद करायच्या. हायड्रोजन सल्फाइड सुटला की शेजारच्या मंगल कार्यालयातले पाहुणे आचाऱ्यावर धावून जायचे, अंडी सडकी आणली म्हणून. जेवण शाकाहारी असायचं. मे महिन्यात आमच्या नळाचं पाणी इतकं तापायचं, की पदार्थ उकळवायच्या प्रयोगात बर्नर पेटवायचा की नुसता नळ सोडायचा, यावर विभागात चर्चा व्हायची. यातलं निम्मं खोटं आहे. कोणतं निम्मं, ते मला निवृत्त झाल्यापासून आठवत नाही.

पण ऍसिड आणि बेसबद्दल मी खोटं बोलत नाही. तेवढं एक सोवळं मी पाळलं.

ज्यांनी शाळेनंतर हा विषय सोडला त्यांच्यासाठी सांगतो. ऍसिड म्हणजे असा गडी, ज्याच्याजवळ हायड्रोजनचा एक कण जास्तीचा आहे आणि तो कधी एकदा कुणाच्या गळ्यात मारतो असं त्याला झालेलं आहे. बेस म्हणजे तो कण झडप घालून घेणारा. दोघं भेटले की देवाणघेवाण होते. पाणी तयार होतं, एक मीठ तयार होतं, आणि आच सुटते. ऍसिड ऍसिड राहत नाही, बेस बेस राहत नाही. दोन भांडखोर समोरासमोर आले आणि दोघंही निवळले, असं मी काचेच्या भांड्याबाहेर कधी पाहिलेलं नाही. सावजीचा लाल रस्सा ओरपून दुसऱ्या दिवशी पोटावर हात फिरवत हिंडणारा माणूस जेव्हा चमचाभर खायचा सोडा घेऊन गल्ली हलवणारी ढेकर देतो, तेव्हा त्याच्या पोटात माझंच प्रॅक्टिकल चालू असतं.

ती आच लोक विसरतात. त्या काळी पिपेट तोंडानं ओढायची. पिपेट म्हणजे ठरावीक मापाचं द्रावण उचलायची काचेची नळी. एका पठ्ठ्यानं लस्सी ओढावी तशी ती ओढली आणि तोंडभर कॉस्टिक सोडा घेतला. कॉस्टिक म्हणजे बेसमधला दांडगा. जीभ साबणासारखी बुळबुळीत होते, कारण तुमच्याच कातडीचा तो साबण करायला लागलेला असतो. पोरगा डोळे फाडून उभा. तेवढ्यात त्याचा जिगरी दोस्त ऍसिडची बाटली घेऊन धावत आला.

"सर, थोडंसं पाजू का याले? न्यूट्रल होऊन जाईन!"

मी त्या दोस्ताला जो धक्का दिला, तो बाटलीसकट अजून अंबाझरी तलावाकडे घरंगळत असेल. तोंडात दोघांची भेट झाली असती तर जी आच सुटली असती, तिच्यात पोराची जीभ शिजली असती. त्याला नळाखाली धरलं आणि पाणी, पाणी, नुसतं पाणी. तासाभरानं पहिला शब्द फुटला तो असा : "सर, माझी हजेरी लागली का?"

इथपर्यंत गमती. संपादकबाईंनी वाटल्यास इथेच कात्री लावावी.

आता टायट्रेशन. एका द्रावणात ऍसिड किती आहे हे ओळखायचं तर त्यात मोजून बेस सोडायचा. बेस भरतात ब्युरेटमध्ये. ती काचेची लांब नळी, अंगावर मिलिलिटरच्या रेघा, खाली तोटी. तिच्याखाली फ्लास्कमध्ये ऍसिड, आणि ऍसिडमध्ये दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन. हे फिनॉल्फ्थॅलिन म्हणजे इंडिकेटर, रंगानं खबर देणारं, आणि मोठं मुरलेलं. ऍसिड शिल्लक आहे तोवर पाण्यासारखं गप्प. शेवटचं ऍसिड संपलं आणि बेसचा एक थेंब जास्त पडला, की अख्खा फ्लास्क फिकट गुलाबी. एका थेंबानं! कधी कधी अर्ध्या थेंबानं. तोटीच्या टोकाला लोंबकळणारा अर्धा थेंब फ्लास्कच्या काचेला टेकवून आत घ्यायचा असतो. त्या क्षणी तोटी बंद करून, डोळा रेघेच्या पातळीत आणून आकडा वाचायचा. ते तुमचं रीडिंग. ते कुणाच्या ओळखीनं कमी होत नाही. मी या धंद्यात आलो ते या अर्ध्या थेंबापायी.

आणि आमच्या धंद्यानं या अर्ध्या थेंबाचं काय केलं ते ऐका.

वार्षिक प्रॅक्टिकलला दोन परीक्षक. एक घरचा, म्हणजे मी. एक बाहेरच्या कॉलेजचा. सकाळी घरच्यानं स्वतः टायट्रेशन करायचं, त्याला आम्ही पायलट म्हणतो. पायलटचं रीडिंग बाहेरच्या परीक्षकाला द्यायचं आणि पोरांची रीडिंगं त्याच्याशी ताडून मार्क द्यायचे. कागदावर उत्तम. पण पोरं वर्षभर लॅबला येतात कुठे? अर्धी पोलीस भरतीसाठी मैदानावर पळत असतात, अर्धी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत खुर्च्या झिजवत असतात. पदवी हवी असते, ब्युरेट नको असते. ती नापास झाली तर पुढच्या वर्षी प्रवेश घटतात, प्रवेश घटले तर आमच्या जागा जातात. म्हणून पायलटचं रीडिंग दहा मिनिटांत पोरांपर्यंत पोचतं. कुठल्याच लॅबमध्ये हे कुणी ठरवलेलं नाही, आणि सगळ्या लॅबमध्ये हे होतं. आमच्याकडे ते काम श्रावणकडे होतं.

श्रावण आमचा लॅब अटेंडंट, कंत्राटावरचा, मनानं फार चांगला. डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन तो टेबलांमधून फिरायचा आणि प्रत्येक टेबलाशी देवाचं नाव घ्यावं तसं पुटपुटायचा, "टेन पॉइंट टू, टेन पॉइंट टू." त्या वेळी मी खिडकीतून बाहेर पाहायचो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, कॉलेजचं सायकल स्टँड होतं.

त्या वर्षी बाहेरचे परीक्षक होते ठवकर सर. गोलमटोल माणूस, सदा हसतमुख, कुणाचं वाईट चिंतलं नाही. एवढं चांगलं वागून माणूस किती नुकसान करू शकतो, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

सकाळची बॅच टेन पॉइंट टू लिहून गेली. दुपारच्या बॅचच्या आधी पाहुण्याला जेवू घालायचं ही रीत. मी ठवकर सरांना सावजी थाळीला घेऊन गेलो. आम्ही घाम पुसत परतलो तोवर दुपारची बॅच सुरू झाली होती, आणि टेबलाटेबलावर एकाग्रतेचं नाटक रंगलं होतं. कुणी नुसताच फ्लास्क हलवतोय. कुणी ब्युरेटमधलं द्रावण सिंकमध्ये सोडून पातळी बरोबर टेन पॉइंट टूवर आणून ठेवतोय, म्हणजे परीक्षक जवळून गेला तर पुरावा तयार.

शेवटच्या टेबलावरून हात वर झाला. प्रतीक्षा. हिंगण्याकडून बसनं यायची, तिचे वडील शाळेची व्हॅन चालवायचे. वर्षभर एकही प्रॅक्टिकल चुकवलं नव्हतं. अर्धा थेंब काचेला टेकवायची कला माझ्या हाताखालून गेलेल्यांत तिला एकटीला साधली होती. तिला पुढे एम.एस्सी. करायचं होतं. तिथे जागा गुणवत्तेच्या यादीनं मिळतात, आणि तिची थिअरी काठावरची होती. प्रॅक्टिकलच तिला वर नेणार होतं.

"सर, माझं ट्वेल्व पॉइंट सिक्स येऊन राहिलं."

"ब्युरेट नीट धुतली होती का?"

"दोनदा धुतली. तीनदा केलं सर. तिन्ही वेळा तेच."

"श्रावण काही बोलला नाही का तुझ्याजवळ?"

"बोलले ना." ती खाली बघत म्हणाली. "पण माझं तर ट्वेल्व पॉइंट सिक्स आहे."

मी बाह्या सारल्या आणि तिच्या टेबलावर स्वतः टायट्रेशन केलं. ट्वेल्व पॉइंट सिक्स. माझा हात चुकला असेल म्हणून पुन्हा केलं. ट्वेल्व पॉइंट सिक्स. हात माझा चुकत नाही, हे मी नम्रपणे सांगतो. म्हणजे कॉस्टिक पातळ झालं होतं. कमजोर बेस असेल तर तेवढंच ऍसिड निववायला तो जास्त लागतो. मी श्रावणला कोपऱ्यात घेतलं.

"बाटलीत काय टाकलं बे?"

"कुठं काय सर?"

"श्रावण!"

"थोडंसं पाणी टाकलं, सर. सकाळच्या पोरांनी तोट्या उघड्या ठेवल्या, सोल्युशन कमी पडून राहिलं होतं. तुमी जेवायले गेलते. मी म्हटलं, सब को तो टेन पॉइंट टूच लिहायचं आहे. पाणी असो का कॉस्टिक असो, काय फरक पडते?"

मला राग यायला हवा होता. पण त्याच्या बोलण्यात चूक कुठे होती ते मला सापडेना. अख्ख्या लॅबमध्ये एकच पोरगी खरोखर टायट्रेशन करणार आहे, हे त्या बिचाऱ्यानं धरलंच नव्हतं. दुधात पाणी घातलं तर गिऱ्हाईक ओरडतं. इथे गिऱ्हाईक दूध पीतच नव्हतं.

मी ठवकर सरांकडे गेलो. सगळं सांगितलं. ते हसतमुखानं ऐकत होते.

"पोरगी बरोबर आहे म्हणता?"

"शंभर टक्के. मी स्वतः करून पाहिलं."

"मग बाकीचे?"

"बाकीचे..."

"तेच म्हणतो ढोले सर. तिले बरोबर धरलं तर अख्खी बॅच खोटी ठरते. मी विद्यापीठाले काय लिहू? पातळ सोल्युशनमध्ये सगळ्यांचं रीडिंग जुनं कसं आलं? मग चौकशी. मग पाणी कोणी टाकलं? तुमचा तो श्रावण, कंत्राटावर आहे ना? उद्या घरी."

"मग ताजं सोल्युशन बनवतो. सगळ्यांची परीक्षा पुन्हा घेऊ. आत्ता. दिवस आहे अजून."

"घ्या," ठवकर सर म्हणाले. "पण आधी एकाची घेऊन पाहा."

मी तावातावानं पहिल्या टेबलावरच्या शुभमला उभं केलं. बॅचचा हिरो. भरतीच्या मैदानावर म्हणे हा धावायला लागला की धूळ त्याच्या मागे न येता पुढे पळायची.

"शुभम, माझ्यासमोर एक टायट्रेशन कर."

"हो सर!" त्यानं ब्युरेटमध्ये द्रावण ओतलं. तोटी उघडीच होती. कॉस्टिक त्याच्या बुटांवरून वाहत पायाजवळच्या दप्तरापर्यंत गेलं.

"बरं, राहू दे. इंडिकेटर कोणता टाकशील?"

"तो गुलाबीवाला सर."

"दाखव."

तो सगळ्या बाटल्या धुंडाळत राहिला. बाटलीतलं फिनॉल्फ्थॅलिन पाण्यासारखं असतं हे त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं. त्याला गुलाबी बाटली मिळेना. शेवटी तो माझ्याकडे इतक्या निरागसपणे पाहून म्हणाला, "संपलं वाटते सर," की मागच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

ठवकर सर हसले नाहीत. हळूच म्हणाले, "दिसलं? अख्खी बॅच घ्या पुन्हा. सगळे शून्य. मग पुढच्या वर्षी ही लॅब कोणासाठी उघडसान?"

मी त्यांना खोटं पाडायला निघालो होतो आणि त्यांचंच म्हणणं मी माझ्या हातानं सिद्ध करून दिलं होतं.

तरी मी हटलो नाही. गुणपत्रकावर दोन्ही परीक्षकांच्या सह्या लागतात. मी सांगितलं, त्या पोरीला पायलटशी ताडून मार्क कापणार असाल तर माझी सही मिळणार नाही. आवाज माझा, तुम्हाला सांगितलंच आहे. कॉरिडॉरमधली कबुतरं उडाली. ठवकर सर म्हणाले, नियमानं रीडिंग पायलटशीच ताडायचं असतं, मी काय करू? मी म्हणालो, मग पायलट पुन्हा घ्या. ते म्हणाले, पुन्हा घेतला की बाकीचे मेले. आम्ही गोल गोल फिरत होतो. सगळी बॅच पेन खाली ठेवून ऐकत होती. आणि कोपऱ्यात श्रावण एकच टेबल पुसत उभा होता. ते टेबल आधीच चकचकीत होतं.

तेवढ्यात प्रतीक्षा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात नवी कोरी उत्तरपत्रिका.

"सर, मी टेन पॉइंट टू लिहून देऊ का?"

"काहून?" मी ओरडलो. "तुझं बरोबर आहे! सगळ्या लॅबमध्ये तुझं एकटीचं बरोबर आहे!"

"माहीत आहे मले."

"मग?"

"बरोबर आहे हे तुमाले माहीत आहे, मले माहीत आहे. एम.एस्सी.च्या यादीले कसं माहीत होणार?" ती अजिबात रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "तुमी सही नाही केली तर माझे मार्क लटकतात. सगळ्यांचे लटकतात. घरी बाबाले काय सांगू, की रीडिंग खरं होतं म्हणून?"

ठवकर सर अगदी मायेनं म्हणाले, "लिही बेटा, लिही. हुशार पोरगी आहे."

ती जागेवर जाऊन बसली आणि लिहायला लागली. मी मागे उभा राहून पाहत होतो. बाकी सगळ्यांनी टेन पॉइंट टू, टेन पॉइंट टू, टेन पॉइंट टू असं तीनदा ठोकून दिलं होतं. प्रतीक्षानं पहिलं रीडिंग टेन पॉइंट वन लिहिलं. मग टेन पॉइंट टू, टेन पॉइंट टू. खऱ्या हाताचं पहिलं रीडिंग असंच किंचित हुकतं. खोटं लिहितानाही तिनं ते खऱ्यासारखं लिहिलं. खालचं गणित उलटं धरून, उत्तराकडून सुरुवातीकडे, एकही खाडाखोड न करता पूर्ण केलं. इतकी सुंदर उत्तरपत्रिका मी नोकरीत पाहिली नाही.

मी सही केली. ठवकर सरांनी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले, आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सगळ्यांचं भलं झालं, ढोले सर." झालंच होतं. श्रावणची नोकरी राहिली. शुभम पास झाला, आज कुठेतरी खाकीत असेल, आणि चोरानं दिलेला जबाब जसाच्या तसा लिहून घेत असेल. प्रतीक्षाला एम.एस्सी.ला जागा मिळाली. नुकसान कुणाचं झालं म्हणून विचाराल तर मला कुणाकडे बोट दाखवता येत नाही, आणि हेच मला अजून पचत नाही. त्यासाठी खायचा सोडा मिळत नाही.

मी निवृत्त झालो. जाताना सत्कारात मला शाल मिळाली आणि भाषणात मला 'प्रयोगशाळेचा वाघ' म्हणाले. ठवकर सरांनीच म्हटलं.

यंदा काही कागदांसाठी कॉलेजात गेलो होतो. लॅबमध्ये डोकावलो तर टेबलाशी प्रतीक्षा उभी. आता प्रतीक्षा मॅडम. तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढंच मानधन, आणि सुट्ट्यांत काही नाही. पोट भरायला सकाळी इथे आणि दुपारी मनीषनगरच्या एका कॉलेजात. मला पाहून पाया पडली. त्या दिवशी प्रॅक्टिकल परीक्षा होती, पहिली बॅच यायची होती.

"पायलट झाला?" मी विचारलं.

"सकाळीच घेतला, सर."

"आणि पोरांना?"

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "सांगते ना. सगळेच सांगतात. पण सर, मी बाटलीले कुलूप लावून ठेवते. मधात कोणी पाणी टाकू शकत नाही. मी सांगते ते रीडिंग खरं असते."

हे तिनं अभिमानानं सांगितलं. थट्टा असती तर मी हसलो असतो. माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. त्या दुपारी ती एवढंच शिकून गेली होती, आणि तेवढंही बाकीचे कुणी शिकले नव्हते.

"एक करून पाहू का?" मी विचारलं.

"करा ना सर. तुमचीच लॅब आहे."

मी ब्युरेट धुतली, भरली, तोटीखालचा हवेचा बुडबुडा काढला. आता जाड चष्मा लागतो. तरी सोडत गेलो, शेवटी शेवटी थेंब थेंब. आणि अर्धा थेंब काचेला टेकवून आत घेतला. फ्लास्क गुलाबी झाला, इतका फिका की पांढरा कागद खाली धरल्याशिवाय दिसू नये. मी वाकून रेघ वाचली.

प्रतीक्षा हजेरीचा कागद घेऊन दाराशी उभी होती. पोरांना आत घ्यायचं होतं, मग बॅच आटोपून तिला मनीषनगर गाठायचं होतं.

"किती आलं सर?"

"ये. वाच."

"उशीर होऊन राहिला सर. तुमीच सांगा ना, किती आलं?"

मी नाही सांगितलं.